सिनेमाचा दाणा जपायचा तर टीव्ही असा लावा

फिल्मवर चित्रित केलेला सिनेमा मोठ्या टीव्हीवर लावला की आकाशात, रंगवलेल्या भिंतीवर, माणसांच्या गालांवर बारीक काहीतरी सतत वळवळताना दिसतं. पुष्कळ जण ‘प्रिंट खराब आहे’ म्हणून टीव्हीतली सफाईची सेटिंग चालू करतात. बऱ्याच टीव्हींवर ती कारखान्यातूनच चालू आलेली असतात. मग वळवळ थांबते, पण तिच्याबरोबर दाढीचे खुंट, डोळ्यांखालच्या सुरकुत्या, सुती कापडाची वीणही पुसली जाते आणि चेहरे मेणाचे दिसू लागतात. ही वळवळ म्हणजे फिल्मचा दाणा, इंग्रजीत ग्रेन. फिल्मचं चित्र त्या दाण्यांचंच बनलेलं असतं. दाण्यांच्या मागे दडलेलं दुसरं स्वच्छ चित्र कुठेही नसतं. त्यामुळे घरच्या टीव्हीचं काम एवढंच: जे मिळालं ते न घासता, न पुसता दाखवायचं. ते कसं करून घ्यायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

दाणा येतो कुठून

फिल्मच्या जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश पडलेले स्फटिक डेव्हलप केल्यावर धातुरूप चांदीचे कण होतात. कृष्णधवल चित्र या कणांचंच असतं. रंगीत फिल्ममध्ये चांदी नंतर धुऊन काढली जाते आणि तिच्या जागी रंगद्रव्याचे पुंजके उरतात. आपल्याला दिसतो तो दाणा म्हणजे या कणांच्या किंवा पुंजक्यांच्या एकमेकांवर पडलेल्या गर्दीचा पोत.

दाणा किती मोठा दिसेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं. पहिली म्हणजे फिल्मची गती, म्हणजे ती प्रकाशाला किती संवेदनशील आहे; ती आयएसओच्या आकड्याने सांगतात. कमी प्रकाशात चालणाऱ्या ५०० आयएसओच्या फिल्मचे स्फटिक मोठे असतात, उन्हात वापरायच्या ५० आयएसओच्या फिल्मचे बारीक. म्हणून एकाच सिनेमात रात्रीचे प्रसंग दाणेदार आणि दुपारचे गुळगुळीत दिसले तर त्यात काही बिघडलेलं नसतं. कमी प्रकाशात चित्रित करून प्रयोगशाळेत जास्त वेळ डेव्हलप केलेल्या फिल्मचा दाणा आणखी उठून दिसतो. दुसरी गोष्ट निगेटिव्हचा आकार. ३५ मिमी फिल्मची पारंपरिक चौकट (फ्रेम) साधारण २२ × १६ मिमी असते, तर १६ मिमी फिल्मची जेमतेम १० × ७.५ मिमी. दोन्ही एकाच पडद्यावर दाखवायच्या तर लहान चौकट दुपटीहून अधिक फुगवावी लागते आणि तिच्याबरोबर दाणाही फुगतो.

जुन्या सिनेमांत आणखी एक प्रकार हमखास दिसतो. एक दृश्य विरत दुसरं उमटायच्या थोडं आधी चित्र अचानक जाड, रवाळ आणि किंचित मऊ होतं, आणि नवं दृश्य स्थिरावून पुढचा कट आला की परत सुधारतं. हे विरणं पूर्वी ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे एका फिल्मवरून दुसरीवर प्रत काढणाऱ्या यंत्रावर होत असे. तेवढा तुकडा मूळ निगेटिव्हचा नसून प्रतीची प्रत असतो आणि प्रत्येक प्रतीत नव्या फिल्मचा दाणा चढतो. श्रेयनामावलीखालच्या दृश्यांचंही तेच. यासाठी सेटिंगला हात लावू नका.

दाण्यांची रचना प्रत्येक चौकटीत नवी असते, म्हणजे सेकंदाला २४ वेळा बदलते. हे नीट पाहायचं असेल तर एखादा जवळचा चेहरा निवडा, अर्धा उजेडात आणि अर्धा सावलीत असलेला. चित्र थांबवा आणि सावलीतल्या गालाकडे बघा: तिथे नुसते ठिपके आहेत, त्वचेची छिद्रं धडशी दिसत नाहीत. आता चालू करा. चार-सहा चौकटी सरकताच डोळा त्यांची सरासरी काढतो आणि त्याच गालावर खरी त्वचा उमटते. एका चौकटीत नसलेला तपशील अनेक चौकटी मिळून देतात. म्हणूनच थांबवलेल्या चित्रावरून फिल्मची प्रत जोखू नये.

आधी निदान

सेटिंग बदलण्याआधी पडद्यावर नक्की काय दिसतंय ते ठरवा. टीव्हीपासून हातभर अंतरावर जाऊन पाहायला हरकत नाही.

दाणा संपूर्ण चौकटीभर असतो, मधल्या करड्या छटांत सर्वांत जास्त, अगदी काळ्या आणि अगदी पांढऱ्या भागांत कमी. तो कशाला चिकटत नाही. कॅमेरा फिरला, माणूस हलला, तरी त्याची सळसळ स्वतंत्र चालते.

चौकोनी ठोकळे दिसले, विशेषतः धूर, पाणी, अंधारातल्या भिंती यांवर, तर तो कॉम्प्रेशनचा, म्हणजे व्हिडिओ आवळून लहान करण्याचा दोष आहे. ठळक कडांभोवती माशा घोंघावल्यासारखी धूळ दिसते तोही कॉम्प्रेशनचाच. सूर्यास्ताच्या आकाशात पायऱ्या पडल्या असतील तर रंगांच्या छटा अपुऱ्या आहेत. गंमत अशी की दाणा शाबूत असेल तर या पायऱ्या दिसत नाहीत, कारण तो छटांच्या सीमा आपसूक मोडतो. दाणा पुसलेल्या प्रतींतच आकाश पायऱ्यांचं होतं.

आकाशातला दाणा काही क्षण गोठतो आणि सेकंद-दोन सेकंदांनी एकदम उडी मारून बदलतो, असं दिसलं तर स्ट्रीमचा बिटरेट (दर सेकंदाला येणारी माहिती) कमी पडतोय. चेहरा हलताना दाणा त्याच्यासोबत ओढला जातो किंवा मागे धुरकट शेपूट राहतं, तर कुठेतरी नॉइज रिडक्शन, म्हणजे ठिपके पुसणारी सेटिंग चालू आहे. काळ्या वस्तूभोवती पांढरी रेघ दिसते ती शार्पनेसची. ठिपके पांढरेशुभ्र असतील, चमकत असतील आणि मध्येच चित्रही जात असेल, तर एचडीएमआय केबल किंवा तिचं टोक बिघडलंय. केबल चांगली असो की साधी, ती दाणा वाढवत नाही, कमीही करत नाही. ती सिग्नल पोहोचवते किंवा पोहोचवत नाही, एवढंच.

एक फसवा प्रकार लक्षात ठेवा. काही पॅनेल गडद छटा दाखवण्यासाठी पिक्सेल झपाट्याने कमीजास्त करतात, त्यामुळे जवळून पाहिल्यास काळोख्या भागात बारीक चुळबुळ दिसते. पूर्ण डिजिटल ॲनिमेशन लावा. तिथेही ती दिसली तर ती पॅनेलची आहे. बसायच्या जागेवरून बहुधा दिसणार नाही.

मूळ प्रत: निम्मं काम इथेच होतं

व्हिडिओ कॉम्प्रेशनची सगळी बचत एका गोष्टीवर उभी आहे. एक पूर्ण चौकट पाठवायची आणि पुढच्या चौकटींत फक्त काय बदललं तेवढंच सांगायचं. दाणा नेमका उलटा: त्याचं पुढचं रूप मागच्यावरून ताडताच येत नाही, दर वेळी सगळंच नवं. त्यामुळे बिटरेट आखडला की एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ आवळणारा प्रोग्रॅम, सर्वांत आधी दाण्यावर कात्री चालवतो.

आकडे पाहिले की फरक कळतो. डीव्हीडीचा व्हिडिओ जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट प्रतिसेकंद, ब्ल्यू-रेचा ४०. ४के अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रेची एकूण मर्यादा १२८ पर्यंत जाते. उलट ४के स्ट्रीमिंग साधारण १५ ते २५ मेगाबिटांत उरकलं जातं, आणि १०८०पी त्याहून बरंच कमी. म्हणून दाणेदार सिनेमाची चांगली ब्ल्यू-रे त्याच सिनेमाच्या ४के स्ट्रीमपेक्षा पुष्कळदा खरी वाटते, जरी तिच्यात पिक्सेल चौथाईच असले तरी. पिक्सेलच्या संख्येला लोक फार भुलतात. दाणेदार सिनेमात बिटरेट पाहावा.

४के प्रतीत दाणा बारीक आणि टोकदार दिसतो, १०८०पीमध्ये त्याच सिनेमाचा दाणा जाड वाटू शकतो. कारण एका पिक्सेलमध्ये अनेक कण कोंबले जातात आणि त्यांचा मिळून एक ढोबळ ठिपका होतो. हा चित्रणाचा दोष नाही, मोजपट्टी जाड आहे.

स्ट्रीमिंगवर पाहणाऱ्यांनी हे तपासावं:

१. ॲपच्या खात्यात व्हिडिओची गुणवत्ता ‘ऑटो’ऐवजी सर्वांत वरची ठेवा. डेटा वाचवायची सेटिंग बंद करा.

२. टीव्ही किंवा स्ट्रीमिंग बॉक्सला शक्यतो नेटवर्कची तार जोडा. बरेच टीव्ही तारेसाठी १०० मेगाबिटांचीच सोय देतात, पण स्ट्रीमिंगला ती पुरून उरते.

३. सिनेमा सुरू झाल्यावर पहिलं अर्धं-एक मिनिट चित्र जोखू नका. स्ट्रीम खालून वर चढत असतो.

एव्ही१ या २०१८ सालच्या व्हिडिओ पद्धतीत वेगळी युक्ती आहे. पाठवण्याआधी दाणा काढून घेतला जातो, तो कसा होता याची मोजमापं सोबत धाडली जातात आणि तुमच्याकडचा डीकोडर (आवळलेला व्हिडिओ उलगडणारा भाग) त्या मापांवरून नवा दाणा तयार करून चित्रावर पेरतो. नेटफ्लिक्सने २०२५ मध्ये ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरायला घेतली. कमी बिटरेटमध्ये ठोकळे आणि मेण पाहण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तरी दाणा काढताना मूळ तपशील थोडा गेला असेल तर पेरलेला दाणा तो परत आणू शकत नाही. शिवाय टीव्हीतलं नॉइज रिडक्शन चालू असेल तर पेरलेलंही पुसलं जाईल आणि सगळा खटाटोप वाया.

प्रत तयार करतानाच दाणा घासून काढलेला असेल तर मात्र घरी काही उपाय नाही. अशा प्रतीवर शार्पनेस वाढवू नका, मेणाला फक्त कडा येतात. त्याच सिनेमाची दुसरी आवृत्ती शोधा.

टीव्हीची सेटिंग, क्रमाने

क्रम पाळा, कारण पहिलं पाऊल टाकलं की पुढची निम्मी आपोआप होतात.

*पहिलं: पिक्चर मोड.* ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच निवडा. टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या यूएचडी अलायन्स या संघटनेने २०१९ मध्ये जाहीर केलेला हा मोड हालचाल गुळगुळीत करणं, नॉइज रिडक्शन आणि जादा शार्पनेस एका फटक्यात बंद करतो आणि पांढरा रंग प्रमाणित तापमानावर आणतो. तो नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’. ‘व्हिव्हिड’, ‘डायनॅमिक’, ‘स्टँडर्ड’ यांत कितीही सेटिंग बदलली तरी मनासारखं होत नाही. त्यांचा निळसर, भगभगीत पांढरा दाण्याला खरबरीत करतो. सुरुवातीला सिनेमा मोड पिवळट वाटेल. आठवडाभर बदलू नका, डोळा सरावतो.

*दुसरं: नॉइज रिडक्शन.* हे एका नावाने सापडत नाही. ‘नॉइज रिडक्शन’, ‘एमपेग नॉइज रिडक्शन’, ‘रँडम नॉइज रिडक्शन’, ‘डिजिटल क्लीन व्ह्यू’ ही सगळी एकाच घराण्यातली. एकेक उघडून बंद करा, ‘ऑटो’वर सोडू नका. ‘स्मूथ ग्रेडेशन’ हे आकाशातल्या पायऱ्या मोडण्यासाठी असतं. फिल्मसाठी तेही बंद. ‘सुपर रिझोल्यूशन’, ‘रिअॅलिटी क्रिएशन’ किंवा ‘एआय पिक्चर’ अशा नावांची सेटिंग दाण्याला तपशील समजून तो धारदार करतात किंवा कचरा समजून पुसतात. दोन्ही नकोत.

फरक तपासायचा तर चालत्या चित्रावरच. चौकटींची तुलना करून सफाई करणारं नॉइज रिडक्शन थांबलेल्या चित्रात काहीच बदलत नाही, कारण तिथे सगळ्या चौकटी सारख्याच असतात. त्यामुळे पॉझ करून ‘चालू-बंद काही फरक पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि सेटिंग चालू राहते. कॅमेरा सावकाश फिरतोय असं दाणेदार दृश्य निवडा आणि ते पुन्हा पुन्हा लावून पाहा.

*तिसरं: शार्पनेस.* तटस्थ जागा कंपनीगणिक बदलते. काहींची शून्यावर असते, सोनीच्या टीव्हीवर साधारण ५० वर. ती अशी शोधा: उजळ आकाशासमोर विजेची तार किंवा निष्पर्ण फांदी आहे अशी चौकट थांबवा. शार्पनेस पूर्ण वर न्या. तारेच्या दोन्ही बाजूंना पांढरी रेघ उमटेल. आता एकेक पायरी खाली या, रेघ नाहीशी होईपर्यंत. तार मऊ पडू लागली की एक पायरी वर येऊन थांबा. जी मऊपणाची भीती वाटते ती दोन दिवसांत जाते.

*चौथं: चित्राचा आकार.* बरेच टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा कापतात. मग प्रतीचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर बसत नाही आणि दाण्याचा चिखल होतो. ‘जस्ट स्कॅन’, ‘फिट टू स्क्रीन’, ‘फुल पिक्सेल’ अशा नावाची सेटिंग चालू करा किंवा ओव्हरस्कॅन बंद करा.

*पाचवं: काळ्याची पातळी.* व्हिडिओत ८ बिटांच्या मोजणीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, संगणकी चित्रात ० आणि २५५ वर. प्लेअर एका पद्धतीने पाठवतोय आणि टीव्ही दुसऱ्या पद्धतीने वाचतोय, असं झालं की काळा राखाडी होतो आणि सावल्यांतला दाणा उघडा पडतो, किंवा उलट सावल्या बुडतात. प्लेअर आणि टीव्ही दोन्ही ‘ऑटो’वर ठेवा. जमलं नाही तर दोन्ही ‘लिमिटेड’ किंवा ‘लो’वर. दोघांचं एकमत हवं, हे महत्त्वाचं. मग ब्राइटनेस वाढवून झाकपाक करायची वेळ येत नाही.

*सहावं: कॉन्ट्रास्ट वाढवणाऱ्या युक्त्या.* ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’, ‘कॉन्ट्रास्ट एन्हान्सर’ मधल्या छटा ताणतात आणि दाणा राहतो नेमका तिथेच. बंद. खोलीच्या उजेडाप्रमाणे प्रकाश बदलणारा सेन्सर आणि वीज बचत हेही सिनेमापुरते बंद.

हे सगळं झाल्यावर एक काम उरतं आणि तेच विसरलं जातं. बहुतेक टीव्ही ही सेटिंग साधं चित्र आणि एचडीआरचे (जास्त प्रखरता-पल्ल्याच्या चित्राचे) एचडीआर१० व डॉल्बी व्हिजन हे दोन प्रकार यांसाठी वेगवेगळी ठेवतात, कित्येकदा प्रत्येक एचडीएमआय जागेसाठी आणि टीव्हीतल्या ॲपसाठीही वेगळी. तिन्ही प्रकारचे सिनेमे लावून मेन्यू पुन्हा उघडा आणि तपासा. प्लेअरच्या स्वतःच्या मेन्यूतही नॉइज रिडक्शन आणि शार्पनेस असतात. तिथे सगळं शून्यावर हवं.

हालचाल

सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. हालचाल गुळगुळीत करणारी यंत्रणा, जिला ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस अशी नावं आहेत, दोन चौकटींच्या मध्ये स्वतः बनवलेल्या चौकटी घुसवते. माणूस कुठून कुठे सरकला हे तिला ताडता येतं, दाणा कुठे गेला हे नाही, कारण तो कुठे गेलेलाच नसतो. नव्या चौकटीत मग दोन्हीकडच्या दाण्यांचं मिश्रण येतं आणि पोत पातळ होऊन तरंगतो. बंद करा. काही टीव्हींवर ‘रिअल सिनेमा’ किंवा ‘सिनेमोशन’ म्हणून वेगळी सेटिंग असते. ती २४ चौकटींचा मूळ ताल ओळखण्यासाठी आहे, ती चालू असू द्या.

डिस्क प्लेअरमध्ये २४पी आउटपुट चालू करा. स्ट्रीमिंग बॉक्समध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ आणि सोबत ‘मॅच डायनॅमिक रेंज’ चालू करा. नाहीतर बॉक्स सगळं ६० वर पाठवतो, एक चौकट दोनदा आणि पुढची तीनदा दाखवली जाते आणि कॅमेरा फिरताना चित्र अडखळतं. दुसरी सेटिंग बंद राहिली तर साधा सिनेमाही एचडीआरमध्ये ढकलला जातो.

अंतर आणि उजेड

दाणा खरोखर खुपत असेल तर सर्वांत प्रामाणिक नॉइज रिडक्शन म्हणजे खुर्ची मागे घेणं. डोळा सरासरी काढतो आणि काहीही कायमचं फेकलं जात नाही.

पडद्याच्या कर्णाच्या साधारण १.६ पट अंतरावर बसलं की पडदा नजरेचे ३० अंश व्यापतो, १.२ पट अंतरावर ४० अंश. ५५ इंची टीव्हीसाठी ही अंतरं अंदाजे २.२५ आणि १.७ मीटर होतात, ६५ इंचीसाठी २.७ आणि २ मीटर. चांगल्या ४के प्रती जवळून पाहा. ३५ मिमीची ब्ल्यू-रे ३० अंशांच्या आसपास छान बसते. १६ मिमीवर चित्रित केलेला सिनेमा, डीव्हीडी किंवा कमी बिटरेटचा स्ट्रीम असेल तर आणखी मागे सरका, लाज वाटून घेऊ नका.

खोली अंधारी असेल आणि टीव्ही दिवसाच्या प्रखरतेवर असेल तर प्रत्येक दाणा टोचतो. साध्या, म्हणजे एचडीआर नसलेल्या सिनेमासाठी पांढऱ्याची प्रखरता १०० निट्सच्या (निट हे प्रखरतेचं एकक) आसपास पुरते. मोजायचं यंत्र नसेल तर बॅकलाइट, किंवा ओएलईडी असेल तर पिक्सेल ब्राइटनेस, पांढरा कागद पाहिल्यासारखा वाटेल इतका उतरवा. दिवा पाहिल्यासारखा वाटायला नको. पूर्ण अंधारात गॅमा (मधल्या छटा किती गडद दिसाव्यात ते ठरवणारी सेटिंग) २.४, थोडा उजेड असेल तर २.२. टीव्हीच्या मागे ६५०० केल्व्हिनचा मंद दिवा ठेवला तर डोळ्यांवरचा ताण कमी होतो.

सफाई कधी चालेल

नियम फिल्मच्या दाण्यासाठी आहे, कुठल्याही ठिपक्यासाठी नाही. जुनी व्हीएचएस टेप, अशक्त सिग्नलचं ॲनालॉग प्रक्षेपण, ठोकळ्यांनी भरलेला वाहिनीवरचा सिनेमा यांवर नॉइज रिडक्शन ‘लो’ ठेवायला हरकत नाही. तिथे जाणारा दाणा आधीच गेलेला असतो. फक्त त्यासाठी वेगळा पिक्चर मोड राखून ठेवा, म्हणजे पुढचा सिनेमा त्याच सेटिंगवर पाहिला जाणार नाही.

प्रोजेक्टर असेल तर

कीस्टोन सुधारणा शून्यावर ठेवा. तिरका पडलेला आयत सरळ करण्यासाठी ती प्रत्येक पिक्सेल नव्याने मोजते आणि दाणा पिळवटून टाकते, एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पुसट. प्रोजेक्टरच हलवून किंवा लेन्स शिफ्टने सरळ करा. यंत्र अर्धा तास तापू द्या, मग फोकस करा, कारण गरम होताना फोकस सरकतो. पडद्याजवळ उभं राहून मेन्यूतली अक्षरं पाहत पिक्सेलच्या कडा स्पष्ट होईपर्यंत फिरवा, मग चारही कोपरे तपासा.

घरच्या फिल्मचं स्कॅन साठवताना

८ मिमी किंवा १६ मिमीच्या घरगुती फिल्म स्कॅन करून घेतल्या असतील तर स्कॅन करणाऱ्याला दाणा काढू नका असं आधीच सांगा आणि मूळ मोठी फाइल मागून घ्या. धूळ काढणं ही वेगळी गोष्ट, ती करून घ्यावी. थेट पॉझिटिव्ह निघणाऱ्या घरगुती रिव्हर्सल फिल्मवर धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसते आणि एकाच चौकटीत येऊन जाते, त्यामुळे ती दाण्याला धक्का न लावता निवडता येते.

पाहण्यासाठी लहान प्रत हँडब्रेकसारख्या प्रोग्रॅममध्ये बनवा. एन्कोडर एक्स२६५ १०-बिट, गुणवत्ता आरएफ १६ ते १८ (आकडा कमी तितकी गुणवत्ता जास्त), ‘ट्यून’मध्ये ‘ग्रेन’ आणि फिल्टरमधलं डीनॉइज बंद. फाइल मोठी होईल. तिला चाप लावायला आरएफ २४ वर नेलंत तर पहिला बळी दाण्याचाच जाईल. चौकटींचा वेग मूळचाच ठेवा. सुपर ८ बहुधा १८चा असतो आणि जुना ८ मिमी १६चा. चौकटी मिसळून तो २४ किंवा ३० करू देऊ नका, नाहीतर दोन चौकटींचे दाणे आणि दोन क्षणांतले चेहरे एकमेकांत कायमचे मिसळतात.